साधन हाती येण्याचे वय

एखादे साधन माणसाच्या हाती कोणत्या वयात आले, ते घरात कोणाच्या मालकीचे होते आणि पहिल्यांदा कोणत्या कामासाठी वापरले गेले, यांवर त्या साधनाशी त्याचे पुढचे नाते बरेचसे ठरते. पिढ्यांमधला तंत्रज्ञानाचा फरक म्हणून जे बोलले जाते, त्याच्या मुळाशी या तीन गोष्टी असतात. जन्मसाल हे त्यांचे ढोबळ माप आहे, आणि शिक्षणाची आखणी नेमकी याच ढोबळ मापावर करण्याची चूक जगभर होत आली आहे.

हा विषय वर्धा जिल्ह्यात तपासण्याला एक खास कारण आहे. आठ तालुक्यांचा, २०११च्या जनगणनेनुसार १३ लाख वस्तीचा आणि ८७ टक्क्यांच्या आसपास साक्षरतेचा हा जिल्हा कापूस, सोयाबीन आणि तुरीवर जगतो. इतर ग्रामीण जिल्ह्यांसारखाच तोही स्मार्टफोनवर आला. पण साधन आणि शिक्षण यांचा संबंध काय असावा, या प्रश्नावर देशातला सर्वांत धाडसी विचार याच जिल्ह्यात झाला: गांधीजींची नई तालीम. तो विचार मांडणाऱ्यांना यंत्राचे वावडे होते अशी समजूत आहे, ती फारशी खरी नाही. सेवाग्राम आश्रमात व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी गांधीजींशी बोलता यावे म्हणून बसवलेला टेलिफोन आजही जपून ठेवलेला आहे.

जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात आज तंत्रज्ञानाच्या दृष्टीने निदान चार पिढ्या एकत्र नांदतात. सत्तरी ओलांडलेल्यांच्या लहानपणी दूरचा आवाज म्हणजे रेडिओ. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. तार आली की घरात आधी रडारड व्हायची आणि मग मजकूर वाचला जायचा, ही त्या पिढीची आठवण. ती तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. या पिढीसाठी संदेशाचे साधन सार्वजनिक होते. ते पोस्टात, ग्रामपंचायतीत किंवा एखाद्याच्या ओसरीवर असे.

पुढची पिढी म्हणजे आज शाळांमध्ये ज्येष्ठ असलेले, निवृत्तीला आलेले शिक्षक. त्यांच्याकडे संगणक शासन-आदेशाच्या रूपाने आला. २००१मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे शासकीय सेवेतल्यांना ही किंवा तत्सम अर्हता सक्तीची झाली; ती नसेल तर वेतनवाढ रोखण्याची तरतूद होती आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना त्यातून सूट होती. म्हणजे कोणत्या वयापर्यंत संगणक शिकता येतो, याचे उत्तर शासनानेच देऊन टाकले होते. चाळिशीतल्या हजारो गुरुजींनी आणि बाईंनी माउस धरायला शिकण्याचे पहिले कारण पगारपत्रक हे होते. एखादी गोष्ट परीक्षेच्या धाकाने शिकली की ती परीक्षेपुरतीच राहते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

तिशी-चाळिशीतल्यांची ओळख सायबर कॅफेतून झाली. तासाला ठरावीक पैसे, समोर कळफलक, आणि काम बहुधा निकाल पाहण्याचे किंवा नोकरीचा अर्ज भरण्याचे. त्यानंतरच्या पिढीने हा टप्पा पाहिलाच नाही. सप्टेंबर २०१६मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा इतका स्वस्त झाला की गावातल्या मुलाच्या हाती पहिले साधन आले तेच पडद्यावर बोट फिरवण्याचे, चित्रफीत पाहण्याचे आणि बोलून शोधण्याचे. यातल्या अनेकांनी कळफलकावर एक पान मजकूर कधी लिहिलेला नसतो. फोल्डर म्हणजे काय, फाइल कुठे साठते, हे ज्याला सायबर कॅफेत कळले तो तिशीतला तरुण आणि ज्याला ते कधी लागलेच नाही तो पंधरा वर्षांचा मुलगा, यांच्यात दुसऱ्याला अधिक 'डिजिटल' म्हणण्याची पद्धत आहे.

ही पद्धत रूढ होण्यात एका लेखाचा मोठा हात आहे. अमेरिकी लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१मध्ये 'डिजिटल नेटिव्ह' आणि 'डिजिटल इमिग्रंट' ही जोडी प्रचारात आणली. संगणक आणि व्हिडिओ गेममध्ये वाढलेली मुले डिजिटल जगाची मूळ रहिवासी, तर त्यांचे शिक्षक त्या जगात बाहेरून आलेले आणि बोलण्यात जुना हेल राहिलेले, असे त्यांचे म्हणणे. त्यावरून त्यांनी असेही सुचवले की मुलांची विचार करण्याची पद्धतच बदलली आहे, तेव्हा शिकवण्यानेही मुळापासून बदलावे. शब्द चपखल होते, भाषणात वापरायला सोपे होते. पुरावा मात्र तोकडा होता. २००८मध्ये स्यू बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासून, एकाच वयाच्या मुलांमध्येही वापराचे प्रकार आणि कौशल्य यांत मोठी तफावत असते, हे दाखवले. २०११मध्ये डेव्हिड व्हाइट आणि ॲलिसन ल कॉर्न्यू यांनी वयाची वाटणी सोडून 'पाहुणे' आणि 'रहिवासी' अशी वापराच्या हेतूवरची वाटणी सुचवली. एखादा माणूस बँकेच्या कामापुरता इंटरनेटवर पाहुणा असतो आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर पक्का रहिवासी असतो. साठीतल्या आजीलाही हे लागू पडते. समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी तर १९२८ सालीच बजावले होते की एका काळात जन्मणे एवढ्याने पिढी बनत नाही. एकच अनुभव सारख्या ठिकाणावरून वाट्याला यावा लागतो.

ठिकाण सारखे नसते, हे घरातल्या घरात दिसते. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३८ टक्क्यांनी कधीतरी इंटरनेट वापरले होते. पुरुषांमध्ये हे प्रमाण ६१.५ टक्के होते. 'असर २०२४'च्या देशव्यापी ग्रामीण पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ३६.२ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींपैकी २६.९ टक्क्यांकडे. मुलीचा फोन बहुधा भावाचा किंवा वडिलांचा असतो, आणि परत देण्याची वेळ ठरलेली असते. ज्या साधनावर स्वतःचे नाव नाही, त्यावर माणूस कामापुरते करतो. चुका करून पाहण्याची मुभा मालकाला असते. एकाच वर्गात शेजारी बसलेल्या बहीण-भावाची तांत्रिक पिढी या अर्थाने वेगळी असू शकते.

तरुणांना काय येते आणि काय येत नाही, याबद्दल बऱ्यापैकी माहिती हाती आहे. त्याच 'असर' पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. मागच्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही केले असे ५७ टक्क्यांनी सांगितले, समाजमाध्यमे वापरली असे ७६ टक्क्यांनी. आठवीच्या विद्यार्थ्यांच्या संगणक आणि माहिती साक्षरतेची आंतरराष्ट्रीय चाचणी २०१८ साली झाली. तीत भारत नव्हता. भाग घेतलेले बहुतेक देश सुखवस्तू होते. तरीही मिळालेली माहिती पारखून, जुळवून स्वतंत्रपणे वापरण्याच्या सर्वांत वरच्या पातळीवर फक्त २ टक्के मुले पोहोचली. २०१६मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा माध्यमिक शाळेतल्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना बातमी आणि पैसे देऊन छापलेला प्रायोजित मजकूर यांतला फरक ओळखता आला नाही. बोट सफाईने चालते म्हणून पारख आली असे धरून चालणारा शिक्षक मुलांचे नुकसान करतो. पारख शिकवायची राहून जाते, कारण ती आधीच आली आहे असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते.

वाचनाबाबतचा पुरावा आणखी विचार करायला लावणारा आहे. पाब्लो डेल्गाडो आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये ५४ अभ्यासांचे, एकूण १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांचे निष्कर्ष एकत्र केले. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा थोडा अधिक समजत होता, आणि वेळेचे बंधन असले की फरक वाढत होता. 'डिजिटल नेटिव्ह' ही कल्पना खरी असती तर वर्षे पुढे सरकतील तसा हा फरक घटायला हवा होता. २००० ते २०१७ या काळात तो उलट वाढला. बालभारतीचे छापील पुस्तक वर्गातून काढून टॅबलेट द्यावा म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष जवळ ठेवायला हरकत नाही.

नई तालीमचा धडा

तरुणांच्या हातातल्या साधनाचे शाळेने करायचे काय, हा प्रश्न वर्ध्याला १९३७ साली वेगळ्या रूपात पडला होता. मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी होते. परिषदेने चार ठराव केले: सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम, आणि त्या उत्पादनातून कालांतराने शिक्षकांचे वेतन निघावे ही अपेक्षा. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, ख्वाजा गुलाम सय्यदैन, ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी तिच्यात होते. डिसेंबरच्या सुरुवातीला अहवाल तयार झाला. आजच्या शिक्षण समित्यांच्या गतीपुढे हे सहा आठवडे नवलाचे वाटतात.

समितीने सुचवलेले वेळापत्रक वाचण्यासारखे आहे. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे मूळ हस्तव्यवसायाला. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटे. मातृभाषा ४० मिनिटे. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान ३० मिनिटे. व्यायाम १० आणि सुट्टी १०. गणिताला इतका थोडा वेळ का, याचे उत्तर हस्तव्यवसायाच्या तासांत आहे. तकलीवर सूत काढणारे मूल तार मोजते. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. सुताचा अंक काढायचा तर लांबी आणि वजन यांचे गुणोत्तर मांडावे लागते. कापूस कुठल्या जमिनीत येतो हा भूगोल, तो परदेशी जाऊन कापड होऊन परत का आला हा इतिहास, धाग्याला पीळ दिल्यावर तो मजबूत का होतो हे विज्ञान. या गुंफणीला समवाय म्हणत. साधनाचा वेगळा तास ठेवण्याऐवजी साधनातून विषय उलगडावा, ही कल्पना होती.

पिढ्यांच्या दृष्टीने या प्रयोगात एक मजेदार उलटापालट होती. सूत काढणे गावातल्या म्हाताऱ्या बायांना येत असे. पदवीधर शिक्षकांना येत नसे. १९३८मध्ये मध्य प्रांतात रविशंकर शुक्ल यांच्या विद्यामंदिर योजनेखाली वर्ध्यात शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले, तेव्हा शिकलेल्या शिक्षकांना तकली धरायला शिकावे लागले. साधनात शिक्षक कच्चा आणि गावातली अशिक्षित आजी पक्की, ही स्थिती योजनेने लाजिरवाणी मानली नाही. त्या काळाच्या मानाने ते मोठेच धाडस होते. १९४५च्या सेवाग्राम परिषदेने तर नई तालीमचा विस्तार पूर्वप्राथमिकपासून प्रौढशिक्षणापर्यंत केला. सगळ्या वयांनी एकाच शाळेत शिकावे, असा तो विचार होता.

योजनेवर आक्षेपही तेव्हाच घेतले गेले. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांना मुलांच्या उत्पादनावर शाळा चालवण्यात मुलांच्या राबवणुकीचा धोका दिसला, आणि तो आक्षेप आजही पोकळ वाटत नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारी 'मूलोद्योग' शाळांत योजना पसरली, पण समवाय मागे पडला. तकलीचा एक तास आणि मग नेहमीची पुस्तके, असे तिचे रूप झाले. साधन वर्गात आले, विषयांशी त्याचा सांधा जुळला नाही. कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात 'कार्यानुभव' हा शब्द पुढे आणला आणि मूलोद्योगाचे नाव मागे पडत गेले. सेवाग्रामची मूळ शाळा बंद पडली. २००५मध्ये नई तालीम समितीने त्याच परिसरात आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. तिथे शेती, स्वयंपाक आणि सूतकताई यांतून शिकण्याची रीत पुन्हा चालू आहे.

तकलीचे जे झाले तेच गेल्या वीस वर्षांत संगणकाचे झाले. संगणक कक्ष नावाची कुलूपबंद खोली, आठवड्याचा एक तास, भागांची नावे आणि ती पाठ केल्याची परीक्षा. स्मार्टफोनचे त्याहून वेगळे काही व्हायचे असेल, तर फोनने मुलापर्यंत काय पोहोचवता येईल यापेक्षा फोनच्या कोणत्या खऱ्या कामातून कोणता विषय शिकवता येईल, हे आधी विचारावे लागेल. २०२०मध्ये शाळेला हा प्रश्न विचारायला सवडच मिळाली नाही.

टाळेबंदीतला फोन

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि फोन हीच शाळा झाली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरून फिरू लागली. २० जुलै २०२०पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेली 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८मध्ये ३६.५ टक्के होते. २०२०मध्ये ते ६१.८ आणि २०२१मध्ये ६७.६ टक्के झाले. इतक्या कमी काळात इतक्या घरांत पोहोचलेले दुसरे साधन आठवत नाही. तरी सप्टेंबर २०२०मध्ये, 'असर'च्या पाहणीच्या आदल्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळाले असे सांगणारी मुले सुमारे एक-तृतीयांशच होती.

फोन घरात असणे आणि मुलाला मिळणे यांत शेतीचे वेळापत्रक आडवे येते. सकाळी फोन खिशात घालून वडील वावरात किंवा बाजार समितीत जातात. ते परततात तेव्हा धडा संपलेला असतो. डवरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत मुलांनाही शेतावर हात लागतोच. रिचार्ज संपणे आणि रेंज नसणे हे आणखी निराळे. महाराष्ट्रातल्या ग्रामीण शाळांचे पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले, तोवर पहिलीत नाव घातलेली मुले शाळेचे तोंड न पाहता दुसरीत आली होती. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, त्यांचे प्रमाण २०१८मधल्या २७.३ टक्क्यांवरून २०२२मध्ये २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४मध्ये २७.१ टक्क्यांवर आले. ही भरपाई शाळा उघडल्यानंतर, पायाभूत साक्षरतेवर वर्गात बसून झालेल्या कामाच्या काळातली आहे.

त्या काळाने एक उपकार केला. कोणता शिक्षक तंत्रज्ञानात पुढे आणि कोणता मागे, याचे वयावर बांधलेले अंदाज बरेच चुकले. फोनवर चित्रफिती बनवणाऱ्यांत तरुण शिक्षक अधिक होते हे खरे; पण मुलाच्या घरी फोन कोणाकडे असतो, तो किती वाजता मोकळा होतो आणि कोणत्या आईशी बोलले की काम होते, हे गावात वीस वर्षे काढलेल्या गुरुजींना माहीत होते. अंगणात चार-सहा मुले गोळा करून शिकवण्याचा मार्ग राज्यभर अनेक शिक्षकांनी काढला.

पिकाचा फोटो आणि हेक्टर-आर

घरातल्या दोन पिढ्यांना एकमेकांशिवाय पुरे करता येत नाही असे एक काम १५ ऑगस्ट २०२१पासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक शेतकरी घरात आले आहे: ई-पीक पाहणी. पूर्वी तलाठी करत असत ती पिकांची नोंद आता खातेदाराने मोबाइल ॲपवर स्वतः करायची. जिल्हा, तालुका, गाव निवडायचे, खाते क्रमांक आणि गट क्रमांक टाकायचा, पीक आणि त्याखालचे क्षेत्र, सिंचनाचे साधन भरायचे आणि शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. ही नोंद पुढे सातबाऱ्यावर येते आणि मदत, विमा, हमीभावाची खरेदी यांत तिचा उपयोग होतो.

ॲप बहुधा घरातला शिकणारा मुलगा किंवा मुलगी चालवते. पण काय भरायचे ते त्यांना येत नाही. पऱ्हाटीत तुरीचे तास, म्हणजे ओळी, किती, धुऱ्याकडची पड जमीन केवढी, दोन भावांच्या सामाईक गटातला आपला हिस्सा कोणता, विहीर कोणाच्या नावावर आहे, हे बापाला किंवा आजोबांना ठाऊक असते. आजोबा एकरात बोलतात. ॲप हेक्टर-आर मागते. एका हेक्टरचे १०० आर, सुमारे अडीच एकर. एका एकराचे ४० आर. साडेतीन एकरांत एका तासाला तूर आणि सहा तासांना कापूस असेल तर तुरीखाली किती आर धरायचे, हा आठवीच्या मुलाला पुरणारा गुणोत्तराचा प्रश्न आहे. चूक झाली तर ती पैशात मोजली जाते. त्यामुळे हे उदाहरण पाठ्यपुस्तकातल्या नळ-टाकीच्या हिशेबापेक्षा नेटाने सोडवले जाते.

समवायाला आजच्या खेड्यात याहून बरे साधन सापडणे कठीण आहे. अक्षांश-रेखांश हा भूगोल, क्षेत्राचे रूपांतर हे गणित, सातबारा हा नागरिकशास्त्र आणि इतिहास, मिश्र पीक घेण्याची कारणे हे विज्ञान. आपल्या जमिनीची माहिती सरकारी सर्व्हरवर कोण पाहू शकते, हा प्रश्नही त्यातच येतो. माहिती आजोबांकडे, हाताची सफाई नातीकडे, आणि या दोहोंचा सांधा जुळवण्याचे काम शिक्षकाचे. या कामात शिक्षकाला ॲपमध्ये मुलांच्या पुढे असण्याची गरज पडत नाही. खेड्यातल्या शाळेने हे करावे असा कोणताही आदेश नाही, आणि आदेश निघाला तर बहुधा त्याबरोबर भरायचा एक तक्ताही येईल.

या तक्त्यांनीच शिक्षकांचे तंत्रज्ञानाशी असलेले नाते पुष्कळ बिघडवले आहे. शाळेची आणि विद्यार्थ्यांची माहिती 'सरल'वर, तीच 'यू-डायस प्लस'वर, पोषण आहाराची नोंद वेगळ्या ॲपवर, प्रशिक्षणाची 'दीक्षा'वर. २०२३च्या अखेरीस विद्यार्थ्यांची रोजची हजेरी चॅटबॉटवर नोंदवण्याची सूचना आली आणि शिक्षक संघटनांनी तिला विरोध केला. दोन शिक्षकी शाळेत ही कामे तरुण शिक्षकाकडे जातात, कारण 'तुम्हाला येते'. परिणाम असा की ज्याला तंत्रज्ञान वर्गात वापरता आले असते, तो कार्यालयात बसून माहिती भरतो, आणि ज्याला ते शिकायचे आहे त्या ज्येष्ठाला सरावाची संधी मिळत नाही. वयाचा फरक असा कामाच्या वाटपातून घट्ट होतो. त्याउलट, परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचा प्रयोग केला तो वर्गाच्या गरजेतून. २०१७पासून शासनाने ती कल्पना उचलली आणि २०२०मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

उच्च शिक्षणात प्रश्नाचे रूप थोडे निराळे होते. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९मध्ये सुरू केलेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत देशभरातून विद्यार्थी येतात. पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांना पंधरा दिवस आश्रमात राहावे लागते, आणि पुढे एखाद्या गावात मुक्काम करून तिथल्या कुटुंबांच्या आरोग्याची माहिती घ्यावी लागते. शरीररचनेचे व्याख्यान फोनवर दहा ठिकाणी, कदाचित वर्गातल्यापेक्षा चांगले मिळते. गावातल्या बाईला ताप किती दिवसांपासून आहे हे तिच्या बोलीत विचारणे, पोटावर हात ठेवून यकृत वाढले आहे का पाहणे, हे फोनवर मिळत नाही. जुन्या पिढीच्या वैद्यांना औषधाची मात्रा पाठ असे. आताच्या विद्यार्थ्याला ती दोन सेकंदांत सापडते, आणि सापडलेली मात्रा समोरच्या ३८ किलो वजनाच्या रुग्णाला लागू आहे का, हे ठरवायला त्याला कोणीतरी शिकवावे लागते. वैद्यकीय शिक्षकाचा वेळ पाठांतराकडून रुग्णशय्येकडे वळणे हा या बदलाचा चांगला परिणाम ठरेल.

सगळ्यांनाच सांधा जुळवण्याइतका धीर नसतो. वर्ध्याच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी या गावाने नोव्हेंबर २०२२मध्ये ग्रामसभेत ठराव करून १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी घातली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळी वाट धरली: संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद राहतात, लहानांचे आणि मोठ्यांचेही. दोन्हींत दुसरा उपाय जास्त शहाणपणाचा, कारण त्यात दोष एकाच पिढीच्या माथी मारलेला नाही. रात्री जेवताना फोन न सोडणारा बाप मुलाच्या हातातून फोन काढून घेतो, तेव्हा मुलाला धडा वेगळाच मिळतो.

नोव्हेंबर २०२२च्या शेवटच्या दिवशी चॅटजीपीटी आले आणि या चर्चेतल्या पिढ्यांची उतरंड थोडी मोडली. प्रश्न मराठीत बोलून विचारला तरी उत्तर मिळते, म्हणजे कळफलक न येणारे आजोबा आणि दहावीतली नात पहिल्यांदाच एका साधनापुढे जवळपास एकाच दिवशी नवशिके म्हणून उभे राहिले. आजोबांना तुरीवरच्या अळीबद्दलचे उत्तर चुकले आहे हे कळू शकते. नातीला कळत नाही. तिला निबंधातले वाक्य कुठून आले हे लपवता येते. शिक्षकाला ते ओळखता येईलच असे नाही. गृहपाठ म्हणून घरी लिहून आणलेल्या निबंधावर गुण देण्याची पद्धत यामुळे निरुपयोगी होत चालली आहे. दहावीला भाषेच्या १०० गुणांपैकी ८० लेखी परीक्षेचे आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. या २० गुणांत तोंडी परीक्षा आहे. बहुतेक शाळांत ती औपचारिक होते आणि गुण सढळ हाताने दिले जातात. उत्तर कुठे शोधले, दुसरे कोणते उत्तर सापडले, त्यातले हेच का निवडले आणि घरात कोणाला विचारून पाहिले, हे चार प्रश्न विचारायला आजच्या नियमांतही या तोंडी परीक्षेत जागा आहे.